पित्तमार्गातील अडथळा आणि धातूचा स्टेंट

कावीळ म्हटली की दूषित पाण्यामुळे होणारा यकृताचा विकार सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे येतो. विश्रांती घेतली, पथ्य पाळले की काही आठवड्यांत ती उतरते, असा बहुतेकांचा अनुभव असतो. मात्र काविळीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात यकृत पित्त तयार करीत असते, परंतु त्या पित्ताला आतड्यात उतरण्याची वाटच राहिलेली नसते. उतारवयात, पोटात न दुखता हळूहळू वाढत जाणारी कावीळ पुष्कळदा या प्रकारची असते आणि तिच्या मुळाशी कर्करोग असू शकतो. अशा रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या स्टेंटची माहिती देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना व्हावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

अडथळा कसा निर्माण होतो?

यकृतात दररोज साधारणतः अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरते. या नलिकेची रुंदी जेमतेम ६ मिलिमीटर असते आणि तिचा खालचा भाग स्वादुपिंडाला खेटून किंवा त्यातून जातो. स्वादुपिंडाचा, पित्ताशयाचा अथवा खुद्द पित्तनलिकेचा कर्करोग, तसेच अन्यत्रच्या कर्करोगामुळे यकृताच्या मुखाशी वाढलेल्या गाठी, यांपैकी कशानेही ही वाट बंद होऊ शकते.

पित्त तुंबले की त्यातील बिलिरुबिन रक्तात उतरते. डोळे व त्वचा पिवळी पडते, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा होतो. अंगाला सुटणारी खाज कित्येकदा रात्रीची झोपही हिरावून घेते. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि त्यामुळे रक्त गोठण्यास विलंब लागतो. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्यास थंडी वाजून ताप येतो व तो जिवावर बेतू शकतो. बिलिरुबिन फार वाढलेले असताना कर्करोगावरील अनेक औषधेही देता येत नाहीत. म्हणूनच अशा काविळीवर गावठी औषधे आणि माळा यांत घालविलेले आठवडे रुग्णाला महागात पडतात.

प्लास्टिकची नळी आणि धातूची जाळी

पूर्वी अशा रुग्णांचे पोट उघडून पित्ताला दुसरी वाट काढून द्यावी लागे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डॉ. नीब सोहेंद्रा यांनी दुर्बिणीद्वारे प्लास्टिकची नळी बसविण्याची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध केली आणि अनेकांची ही शस्त्रक्रिया टळली. परंतु सुमारे ३ मिलिमीटर रुंदीच्या या नळीत जंतू आणि पित्ताचा गाळ साचतो व साधारणतः तीन-चार महिन्यांत ती बुजते.

धातूचा स्टेंट ही बारीक तारांची जाळीदार नळी असते. आज ती बहुधा निटिनॉल या निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. मिटलेल्या स्थितीत ती सुमारे ३ मिलिमीटरच्या नळीत मावते आणि जागेवर सोडल्यानंतर हळूहळू १० मिलिमीटरपर्यंत उमलते. अॅमस्टरडॅम येथे १०५ रुग्णांवर झालेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लास्टिकची नळी मध्यमानाने १२६ दिवस, तर धातूची २७३ दिवस खुली राहिली. दोन्ही गटांतील रुग्णांच्या आयुर्मानात मात्र फरक आढळला नाही. धातूच्या स्टेंटने दिवस वाढत नाहीत. त्या दिवसांतील रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात.

प्रक्रिया

ही प्रक्रिया ई.आर.सी.पी. या नावाने ओळखली जाते. प्रथम रक्ताची गोठणशक्ती तपासतात. उपाशीपोटी रुग्णाला गुंगीचे औषध देऊन तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेली जाते. पित्तनलिकेच्या मुखातून बारीक तार अडथळ्यापलीकडे सरकवून क्ष-किरणांच्या साहाय्याने स्टेंट बसवितात. खाज सहसा काही दिवसांत कमी होते. कावीळ पूर्ण उतरण्यास काही आठवडे लागतात. प्रक्रियेनंतर शंभरात साधारणतः तीन ते दहा रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह होतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे हेही धोके आहेत. दुर्बिणीने मार्ग न मिळाल्यास त्वचेतून यकृतात सुई घालून पित्ताचा निचरा करता येतो.

मर्यादा

स्टेंट कर्करोग बरा करीत नाही, हे नातेवाइकांनी आरंभीच समजून घ्यावे. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी आहे, त्यांना सरसकट स्टेंट बसवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी असा निचरा केल्याने गंभीर गुंतागुंत वाढते, असे नेदरलँड्समधील २०१० च्या अभ्यासात दिसून आले. आवरण नसलेली धातूची जाळी नंतर काढणे कठीण असते. त्यामुळे ती बसविण्यापूर्वी निदानाची खात्री करावी लागते. कालांतराने गाठ जाळीच्या छिद्रांतून आत वाढू शकते. आवरण असलेल्या स्टेंटमध्ये हे टळते, परंतु तो जागेवरून सरकण्याची शक्यता अधिक असते. स्टेंट पुन्हा बुजल्यास त्याच्या आतून दुसरा बसविता येतो. घरी गेल्यावर थंडीताप आला, डोळे पुन्हा पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.

खर्चाचा प्रश्न

धातूचा स्टेंट प्लास्टिकच्या नळीहून कित्येक पट महाग असतो. साहजिकच गरीब कुटुंब स्वस्त नळीचा पर्याय निवडते. पुढे ती बुजली की ताप, प्रवास, बुडालेली मजुरी आणि पुन्हा प्रक्रिया, असा खर्च वाढत जातो. रुग्णाचे आयुष्य केवळ काही आठवड्यांचे उरले असेल, तर प्लास्टिकची नळी पुरेशी ठरते. मात्र त्याहून अधिक काळाची आशा असल्यास धातूचा स्टेंट एकंदरीत महाग पडेलच असे नाही. अडचण एवढीच, की त्याची संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उभी करावी लागते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात व एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. हा निधी सर्वच आजारांच्या रुग्णांसाठी असल्याने देणगीची जोड आवश्यक ठरते. अशा देणगीतून रोग हटेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. परंतु खाज थांबलेल्या, दोन घास जेवू लागलेल्या रुग्णाला उरलेले महिने आपल्या माणसांत, आपल्या घरी काढता येतील, एवढे तिच्यातून निश्चितच साधता येते.