तारवी: कडू दाण्याचे पीक, गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या अँडीज डोंगरांत 2,000 ते 3,800 मीटर उंचीवर ल्युपिनची एक जात पिकते. पेरू-बोलिव्हियात तिला तारवी म्हणतात, इक्वेडोरमध्ये चोचो. गुणांच्या मानाने या पिकाची ओळख फार तोकडी आहे.

गैरसमज : ल्युपिन म्हणजे बागेतले शोभेचे झाड.
वस्तुस्थिती : बागेतले ल्युपिन वेगळ्या जातीचे. तारवी हे अँडीजमधले प्राचीन कडधान्य आहे. दाण्यात प्रथिने 40 टक्क्यांहून अधिक आणि तेल साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे जवळपास सोयाबीनच्या तोडीचे.

गैरसमज : कडू दाणा विषारी, म्हणून टाकाऊ.
वस्तुस्थिती : कडूपणा ल्युपॅनिन, स्पार्टीन अशा अल्कलॉइडांचा. किडी आणि जनावरांपासून तेच झाडाचे रक्षण करतात. ते पाण्यात विरघळतात, त्यामुळे दाण्यातून काढता येतात.

गैरसमज : वाल-हरभऱ्यासारखे रात्रभर भिजवून शिजवले की झाले.
वस्तुस्थिती : नुसत्या उष्णतेने हे विष जात नाही, ते पाण्याबरोबर वाहून जावे लागते. म्हणून तिथल्या बायका दाणे भिजवतात, उकळतात आणि मग पोत्यात भरून कित्येक दिवस वाहत्या ओढ्यात ठेवतात. मधूनमधून दाणा चावून बघतात. कडवटपणा पूर्ण गेला तरच तो ताटात येतो. अर्धवट धुतलेले दाणे खाल्ले तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो. उकळलेले कडू पाणी शेतकरी गुरांच्या अंगावरचे परजीवी मारायला वापरतात.

गैरसमज : हे पीक कुठेही, देखभालीविना येते.
वस्तुस्थिती : मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, त्यामुळे हलक्या, आम्लधर्मी जमिनीतही ते तग धरते आणि बटाट्याच्या फेरपालटीत उपयोगी पडते. पण पाणी साचले की मुळे कुजतात आणि चुनखडीची जमीन त्याला मानवत नाही. नव्या शेतात योग्य जिवाणू नसतील तर बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळावे लागते. करपा बियाण्यातूनच पसरतो, म्हणून निरोगी बियाणे हवेच.

गैरसमज : कडूपणा गेला की सर्वांना चालते.
वस्तुस्थिती : शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या काहींना ल्युपिनचीही होते. युरोपीय संघात तर पाकिटावर ल्युपिनचा उल्लेख बंधनकारक आहे.

तेव्हा ल्युपिनचे दाणे वा पीठ घेताना दोन गोष्टी पाहा : कडूपणा काढला आहे का, आणि घरात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का. दाणा जिभेला कडू लागला तर तो खाऊ नका.