हेल्मेटच्या काचेवरील ओरखडे

उसाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवरून दिवसरात्र उसाने भरलेल्या ट्रॉल्या जाऊ लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि त्यांतील काहींना मागे दिवाही नसतो. अशा रस्त्याने एक शेतकरी रात्रीच्या वेळी मोटारसायकलवरून घरी परतत आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि हेल्मेटची काच त्याने खाली ओढून घेतली आहे. इतक्यात समोरून एक मालमोटार येते. तिच्या दिव्यांचा झोत काचेवर पडताच काचेवरील शेकडो बारीक रेषा एकदम उजळतात आणि डोळ्यांपुढे कोळिष्टकासारखे पांढरे जाळे पसरते. त्या जाळ्याआड बिनदिव्याची ट्रॉली असेल, तर ती दिसावी कशी? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर काटते. दिवसा ज्या रेषांकडे कोणाचे लक्षही जात नाही, त्याच रेषा रात्री अशा जिवावर बेततात.

हे ओरखडे काढता येतात काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही काच कशाची असते, ते पाहिले पाहिजे.

हेल्मेटच्या या भागाला सर्वजण ‘काच’ म्हणतात. परंतु ती खरी काच नव्हे. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तो वाकवलेला पत्रा होय. जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ साली, स्वतंत्रपणे काम करीत असता, हा पदार्थ तयार केला. त्याचा मोठा गुण म्हणजे चिवटपणा. खिडकीची काच खडा लागताच तडकते आणि तिचे तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट मात्र तोच आघात सोसून शाबूत राहते. चेहऱ्यापुढे धरावयाला असाच पदार्थ हवा. परंतु चिवटपणा आणि टणकपणा हे दोन निराळे गुण आहेत. खरी काच टणक असून ठिसूळ असते. पॉलिकार्बोनेट चिवट असून मऊ असते. ते फुटत नाही, पण त्यावर चरे लवकर पडतात. ही उणीव भरून काढण्यासाठी चांगल्या हेल्मेटच्या काचेवर कारखान्यातच एक टणक लेप चढवलेला असतो. हा लेप माणसाच्या केसाहूनही पुष्कळ पातळ असतो. काचेचे खरे रक्षण तोच करतो.

या लेपाचा मुख्य शत्रू म्हणजे धूळ. रस्त्यावरील धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांत गारगोटीच्या जातीचे कणही सापडतात. फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या टणकपणाची एक श्रेणी ठरवली. तीत सर्वांत मऊ अशा शंखजिऱ्याला १ आणि सर्वांत टणक अशा हिऱ्याला १० हा क्रमांक दिलेला आहे. गारेचा क्रमांक ७ आहे. खिडकीच्या काचेवरही गार चरा पाडू शकते. मग प्लॅस्टिकची काय कथा! वडील बाहेर निघाले, की घरातील एखादे मूल मोठ्या हौसेने कोरडे फडके घेऊन त्यांच्या हेल्मेटची काच खसाखसा पुसते. त्याचा हेतू चांगला असतो. पण फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण काचेवर आपली रेघ ओढीत जातो. बहुतेक ओरखडे प्रवासात पडत नाहीत, ते पुसताना पडतात.

ओरखडा डोळ्यांना दिसतो तरी का? गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाश नीट पार होतो. ओरखड्याच्या तिरप्या भिंतींवर मात्र तो भलत्याच दिशांना विखुरतो आणि तेथे पांढरी रेघ चमकते. याचा एक सोपा प्रयोग करून पाहता येतो. जुन्या, ओरखडलेल्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवावा. थेंबाखालील बारीक रेषा जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसतात. कारण पाण्याने चर भरून निघतात आणि प्रकाशाचे विखुरणे कमी होते. पाणी वाळताच रेषा पुन्हा दिसू लागतात. मेण किंवा तेल चोळून ओरखडे ‘घालवण्याचे’ जे उपाय सांगितले जातात, त्यांचे रहस्य हेच होय. ओरखडा जागच्या जागी राहतो, तो केवळ काही काळ झाकला जातो. शिवाय काचेवर राहिलेला तेलकट थर रात्री दिव्यांचा प्रकाश अधिकच फाकवतो.

खरे पाहता ओरखडा ही काचेवर चिकटलेली वस्तू नव्हे, की जी खरवडून काढता येईल. तो एक खळगा आहे. अंगणातील खळग्यात माती न घालता अंगण सपाट करावयाचे असेल, तर सगळे अंगणच खळग्याच्या तळापर्यंत खणून काढावे लागेल. घासून ओरखडा घालवणे म्हणजे नेमके हेच. पॉलिशमध्येही घासणारे कणच असतात, फक्त ते फार बारीक असतात. न्यूटनने आपल्या १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात भिंगे घोटण्याच्या क्रियेविषयी लिहिताना ही गोष्ट सांगितली आहे. घोटणे म्हणजे काचेला अधिकाधिक सूक्ष्म ओरखडे पाडणे. ते इतके सूक्ष्म झाले, की डोळ्यांना काच गुळगुळीत वाटते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. ज्या काचेवर टणक लेप नाही, तिच्यावरील अगदी उथळ रेषा प्लॅस्टिकसाठी मिळणाऱ्या पॉलिशने, मऊ कापड घेऊन, हलक्या हाताने घोटल्यास कमी होतात. लेप असलेल्या काचेवर मात्र या घोटण्याने लेपच झिजतो आणि उघडे पडलेले मऊ प्लॅस्टिक पूर्वीपेक्षाही लवकर ओरखडते. दंतमंजनाची पेस्ट चोळली असता काच पुष्कळदा अंधूक होते, त्याचे कारणही हेच. बोटाचे नख ओरखड्यावरून आडवे फिरवावे. ते अडले, तर ओरखडा खोल आहे असे समजावे. असा ओरखडा घालवण्यासाठी एकाच जागी फार घासले, तर तेथील जाडी कमी होते आणि पलीकडचा रस्ता वाकडा दिसू लागतो. तेव्हा खोल ओरखड्यांना एकच उपाय आहे, तो म्हणजे काच बदलणे. पुष्कळ हेल्मेटांची काच वेगळी काढता येते आणि तशीच नवी काच विकतही मिळते.

यापेक्षा ओरखडे पडूच न देणे सोपे आहे. ओले, मऊ सुती फडके दहा-पंधरा मिनिटे काचेवर नुसते पसरून ठेवावे. वाळलेले किडे आणि माती आपोआप सुटतात. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब टाकून, काच न रगडता, हाताच्या बोटांनी धुवावी आणि स्वच्छ पाण्याखाली धरून मऊ कापडाने टिपून घ्यावी. ओरखडे म्हणून ज्या खुणा वाटत होत्या, त्यांतील कित्येक निव्वळ डाग होते, असे धुतल्यावर आढळते. पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेली काचा पुसण्याची औषधे या प्लॅस्टिकला कधीही लावू नयेत. त्यांनी ते धुरकटते वा त्याला सूक्ष्म तडे जातात. हेल्मेट काच खाली करून जमिनीवर ठेवण्याची सवयही मोडली पाहिजे.

हेल्मेट हे आता केवळ मोठ्यांचे राहिलेले नाही. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्ती वगळता, दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाने ते घालावे, असे मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत सांगितले आहे. तेव्हा मागे बसणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या हेल्मेटलाही हे सारे लागू आहे.

काच चांगली आहे की नाही, हे दिवसाउजेडी कळत नाही. संध्याकाळी घरातील दिव्यासमोर ती धरून पाहावी. दिवा स्वच्छ, एकटा दिसला, तर काच ठीक आहे. दिव्याभोवती रेषांचे जाळे उजळले, तर ती बदलण्याची वेळ आली आहे. ही परीक्षा घरी घेण्यास एक मिनिट पुरते. रस्त्यावर मात्र ती घेण्यास एका सेकंदाहून अधिक वेळ मिळत नाही.