सुया टोचायच्या कोर्ससाठी गटातून कर्ज? आधी हे बघा

गेल्या दोन महिन्यांत तीन गटांच्या बैठकीत एकच विषय निघाला. "अ‍ॅक्युपंक्चरचा पंधरा दिवसांचा कोर्स आहे, सर्टिफिकेट मिळतं, लगेच सेंटर टाकता येतं. लेकीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं का?" पत्रक इतकं चकचकीत असतं की नाही म्हणवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅक्युप्रेशर वेगळं आणि अ‍ॅक्युपंक्चर वेगळं, हे आधी पक्कं करा. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये बोटाने किंवा लाकडी काडीने ठरावीक जागा दाबतात, कातडी फुटत नाही. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये केसासारखी बारीक सुई अंगात जाते. पत्रकावर दोन्ही नावं शेजारी छापतात, आणि घोळ तिथेच होतो.

पद्धत मूळची चीनची. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे ती कलकत्त्यात सुरू केली. तेव्हा याला भोंदूगिरी म्हणून उडवून लावू नका. पण सुई कुणाच्या हातात आहे, हे बघावंच लागतं.

महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे, आणि ती उपचार करणाऱ्यांची नोंदवही ठेवते. सुया टोचून उपचार करायचे तर त्या नोंदवहीत नाव लागतं. सर्टिफिकेट दिल्लीचं असो की चेन्नईचं, त्यावर सोनेरी शिक्का असो, नुसत्या त्या कागदावर आपल्या गावात सेंटर चालवता येत नाही. लेकीने पंधरा दिवस शिकून पाटी लावली आणि कुणी तक्रार केली, तर संस्थावाले काही धावून येणार नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र आपल्यालाच फेडायचे.

शिकायचं तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं होतं की डॉक्टर नसलेल्या माणसाला पूर्ण शिक्षणासाठी २५०० तास हवेत, त्यातले १००० तास प्रत्यक्ष कामाचे. आता आपल्या पत्रकाचा हिशोब करा. रोज सहा तास धरले तरी पंधरा दिवसांत ९० तास होतात!

इतके तास उगाच नाहीत. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. गरोदर बाईला काही ठिकाणी टोचणं टाळतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी विचारावं लागतं. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब किंवा एचआयव्ही पसरू शकतो.

गावात शिबिर आलं तरी हेच लक्षात ठेवा. नोंदणी क्रमांक विचारा, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, वापरलेली सुई जाड डब्यात जाते का बघा. आणि "बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा. लाजायचं कशाला?

कर्जाची मागणी आली तर ठराव करण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या: परिषदेची मान्यता आहे का, कोर्सनंतर नोंदणी होते का, फीची पक्की पावती मिळते का. उत्तर आल्यावर परिषदेकडे आपण स्वतः चौकशी करायची. पत्रकावरच्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो त्यांचाच माणूस उचलणार.

लेकीला आरोग्याच्याच कामात जायचं असेल तर दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंग कोर्सही बघा. वेळ जास्त लागतो, पण परिषदेची नोंदणी मिळते आणि सरकारी भरतीत चालतं. त्यासाठी कर्ज मागितलं तर माझी हरकत नाही.

तुमच्याकडे असं पत्रक आलं असेल तर पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. तोवर पैसे भरू नका, "आजच शेवटची तारीख" म्हणाले तरी.