शूलपाणीच्या झाडीत उरतं ते काय?

नर्मदाकाठच्या खेड्यात कुणी परिक्रमावासी दारात येऊन ‘नर्मदे हर’ म्हणाला, की घरातून पहिला प्रश्न येतो, “कितनी मूर्ती?” म्हणजे, कितीजण आहात? पुरुष असेल तर तो ‘महाराज’, बाई असेल तर ‘माताराम’. तुम्ही गावाकडे मुख्याध्यापक होता की बँकेत मॅनेजर, याच्याशी तिथं कुणाला कर्तव्य नसतं. सारा जन्म खपून मिळवलेली ओळख पहिल्या दोन-चार दिवसांतच गळून पडते. ती गळाल्यावर लगेच हलकंफुलकं वाटतं, असं मात्र मुळीच नाही. आधी राग येतो.

अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ समुद्राला मिळणारी नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. तिच्या दोन्ही काठांनी चालायचं, म्हणजे २६०० किलोमीटरहून अधिकच. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठंही ओलांडायचं नाही. पलीकडे जायचं ते एकदा समुद्रात नावेनं आणि एकदा उगमाला वळसा घालून. चातुर्मासात एकाच ठिकाणी मुक्काम. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आता बरेचजण काही महिन्यांत चालून येतात, आणि मोटारीनं तर पंधरा-वीस दिवसांत सगळं उरकतं. मोटारीतून जाणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका नाही. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते मोटारीच्या काचेबाहेरच राहतं, असं आपलं मला वाटतं.

जंगलात वाघ-अस्वलांची भीती असतेच. पण परिक्रमेत खरा कस लागतो तो हात पसरताना. जुना दंडक असा की पैसे बाळगायचे नाहीत. भिक्षा मागायची, किंवा सदावर्तात मिळालेला कोरडा शिधा घेऊन स्वतः शिजवायचा. आपण संसारी माणसं देणाऱ्याच्या बाजूला उभं राहायला सरावलेली. दाराशी आलेल्याला मूठभर पीठ घालतानाही मनात कुठंतरी उपकाराची भावना असते. तीच मूठ आपल्या झोळीत पडते, तीही ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत आहे अशा माणसाकडून, तेव्हा मान आपोआप खाली जाते.

लुटणारे ‘मामा’

या वाटेवरचं सर्वांत धास्तीचं ठिकाण म्हणजे शूलपाणीची झाडी. बडवानीजवळच्या राजघाटापासून गुजरातेतल्या शूलपाणेश्वरापर्यंत, एका अंगाला सातपुडा आणि दुसऱ्या अंगाला विंध्य, मध्ये खोल दरीतून जाणारी नर्मदा. गावं विरळ, वाट म्हणजे पायाखाली सापडेल ती. अश्वत्थामा इथं भटकतो, अशी समजूत. प्रत्यक्षात भेटत ते भिल्ल. ते परिक्रमावासीयांची भांडी, धान्य, पांघरूण, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेत आणि लंगोटीवर सोडून देत. तरी परिक्रमावासी त्यांना ‘मामा’च म्हणत. नर्मदामैयाच त्यांच्या हातून आपला संग्रह उतरवून घेते, ही त्यामागची श्रद्धा.

या कथा रंगवून सांगताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. एकाचं वैराग्य ही दुसऱ्याची उपासमार होती. डोंगरउतारावर पावसावरचं एक पीक घेणाऱ्या माणसाला घोंगडीचा मोह पडला, तर त्यात नवल काय? पण लुटल्या गेलेल्या माणसाच्या आत जे घडे, तेही खोटं नाही. थंडीच्या रात्री उघड्या अंगानं बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळे, की आपण ज्याला ‘मी’ म्हणत होतो त्यातलं बरंचसं त्या गाठोड्यातच होतं. मग पुढच्या पाड्यावर कुणीतरी म्हातारी मक्याची भाकरी हातावर ठेवी. लुटणारे आणि खाऊ घालणारे एकाच जमातीचे, कधी एकाच गावचेही.

गो. नी. दांडेकरांनी स्वतः परिक्रमा केली होती. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यातूनच आली. अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’नं कितीतरी मराठी माणसं घराबाहेर काढली. भारती ठाकूर २००५-०६ मध्ये चालल्या आणि पुढं नर्मदेकाठच्या लेपा गावी मुलांना शिकवण्यासाठी तिथंच राहिल्या.

सगळ्यांनाच घरदार सोडणं कसं जमणार? त्यांच्यासाठी जबलपूरचे अमृतलाल वेगड आहेत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे चित्रकलेचे शिक्षक. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी चालायला सुरुवात केली. सुटी मिळेल तेवढं चालायचं, घरी परतायचं, पुन्हा सोडलेल्या जागेपासून पुढं. सोवळ्यातली मंडळी अशा खंड परिक्रमेला नाकं मुरडतात. मुरडू देत. पुढं त्यांच्या पत्नी कांताबाईही त्यांच्याबरोबर चालल्या. वेगड २०१८ मध्ये गेले.

पाण्याखाली गेलेली वाट

वेगड पहिल्यांदा चालले ते जबलपूर ते मंडला. त्या वाटेचा बराच भाग पुढं बर्गी धरणाच्या पाण्यात गेला. २००४ मध्ये इंदिरा सागरसाठी हरसूद हे अख्खं गाव उठलं. आणि शूलपाणीची झाडी? सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. काठची वाट, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ, ‘मामां’ची शेतं, सारं पाण्याखाली. देऊळ गोरा इथं नव्यानं बांधलं. एकट्या महाराष्ट्रातली बाधित गावं ३३. धरणाचं पाणी कच्छपर्यंत पोचलं, तिथल्या माणसाची तहान भागली, हेही खरंच. पण ज्याला परिक्रमावासी भीत होते ते रान उरलं नाही, आणि ज्याचं ते घर होतं त्याला तर पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

लुटालूट आता थांबली आहे. डोंगरातून जाणाऱ्यांना तिथले आदिवासी चहा पाजतात, ओसरीवर झोपायला जागा देतात. बाकीचे पुष्कळजण बडवानीहून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे डांबरी रस्त्यानं जातात. कित्येक दिवस नदी दिसत नाही. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत जातात. संध्याकाळी एखाद्या देवळात पथारी पसरली, की झोळीतून नर्मदाजलाची छोटी कुपी निघते. तिच्यापुढं वात लागते, आरती होते, आणि मग कुणीतरी आतून विचारतं, “किती मूर्ती आहात?”