पोफळीवर चढलेली मिरी
(ताटामागचं शेत : भाग ७)

डिसेंबरात फोंडा तालुक्यातल्या केरी, कुर्टी, सावई-वेरें भागात पर्यटकांच्या बसगाड्यांची रीघ लागते. मंडळी गवती चहा पितात, वाटाड्यामागून तासभर फिरतात, केळीच्या पानावर जेवतात आणि मिरी-दालचिनीच्या पुड्या घेऊन किनाऱ्याकडे परततात. काही बागांत फेरी संपताना पाठीवर पळीभर गार पाणी ओततात; त्याचे फोटो भरपूर निघतात. आपण कुळागर पाहिलं, हे मात्र अनेकांना कळतही नाही.

कुळागर म्हणजे डोंगरउतारावर, झरीच्या पाण्यावर वाढवलेली मिश्र बागायत. पाणी पाटाने वरून खाली खेळवलेलं असतं. सगळ्यांत वर माड आणि पोफळी, त्यांच्या खोडांना बिलगलेली मिरवेल, खालच्या सावलीत केळी नि जायफळ, तळाशी अननस, हळद, आलं, सुरण. कडेकडेने फणस आणि कोकम. पोफळींमध्ये साधारण २.७ मीटर अंतर ठेवतात. तिचं खोड सरळसोट आणि शेंडा आटोपशीर, म्हणून ऊन गाळून का होईना, खालपर्यंत पोचतं.

चांगला वाटाड्या इथेच थांबतो. पिकलेलं जायफळ फोडून दाखवतो: पिवळसर गर, आत लालभडक जाळीदार जायपत्री, तिच्याखाली कवच आणि त्यात जायफळ. एका फळात दोन मसाले! मिरीचंही तसंच. हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी मिरी. पिकून लाल झालेले भिजवून साल काढली की पांढरी.

व्हॅनिलाच्या वेलीपाशी गोष्ट आणखी रंगते. मूळ मेक्सिकोची ही वेल. तिचं फूल उमलतं ते एका सकाळपुरतं, आणि परागीकरण हाताने करावं लागतं. काडीने ते झटपट उरकण्याची युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली.

पण खरा धडा हिशेबाचा आहे. सुपारी मुख्यतः हिवाळ्यात, मिरी जानेवारी ते मार्च, कोकम एप्रिल-मे, जायफळ बरंचसं पावसाळ्यात, केळी बारमाही. पावसात कोळेरोगाने कोवळी सुपारी गळू लागली, तर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं. तेही पावसाने उसंत दिली तर. त्या वर्षी घर चालतं ते केळी-नारळावर. ‘सुपारी गेली तर काय?’ हा प्रश्न पाहुण्याने वाटाड्याला विचारायलाच हवा. दुकानातल्या पुड्यांपेक्षा त्याचं उत्तर मोलाचं.

जेवणाच्या पानातही गंमत आहे. सोलकढीतलं कोकम आणि बांगड्याच्या कढीतलं तेफळ पश्चिम घाटातलंच. हुमणातली मिरची मात्र अमेरिका खंडातली; काजू आणि अननसही तिकडचेच, पोर्तुगीजांबरोबर आलेले. कोकमाचं खरं काम पाहायचं तर मे महिन्यात जावं. साली काढून त्याच फळांच्या मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, तेव्हा कुठे आमसूल तयार होतं.

फेरीत सर्वाधिक टाळ्या मिळतात त्या पोफळीवर चढणाऱ्याला. शेंड्याशी पोचून तो झाड झुलवतो आणि शेजारची पोफळ धरून तिच्यावर जातो. पाहुण्यांना ही कसरत वाटते. त्याच्या लेखी तो श्रम वाचवण्याचा साधा मार्ग असतो, कारण प्रत्येक झाडासाठी उतरून पुन्हा चढायचं तर दिवस पुरायचा नाही. असे चढणारे मिळणं दिवसेंदिवस कठीण झालंय, त्यामुळे तयार घड वेळेवर उतरवायचे कसे, ही बागायतदारांची नेहमीची चिंता आहे.

(पुढील आठवड्यात : खाजनातला भात आणि मासळी)