मालगाडी थांबवायची कशी?

पोत्यांनी गच्च भरलेली हातगाडी तुम्ही पाहिली असेल. सपाट रस्त्यावर एक दणकट माणूस ती एकटा ओढत नेतो. पण पुढे उतार लागला की काय होतं? आता तो गाडीला ओढत नसतो, गाडीच त्याला ढकलायला लागते! मग जोडीदार धावत येतो, गाडी मागून घट्ट धरतो, टाचा रोवतो आणि सगळं अंग मागे टाकतो. तो गाडी ओढत नाही, माल उचलत नाही. त्याचं काम एकच, गाडी अडवायची. पण तो नसेल तर पोती रस्त्यावर आणि माणूस दवाखान्यात!

१९६० च्या सुमाराला ब्रिटनच्या रेल्वेला असाच एक जोडीदार शोधावा लागला. त्याचं नाव डिझेल ब्रेक टेंडर. त्याला इंजिन नव्हतं, त्यात ड्रायव्हर बसत नव्हता आणि मालही भरत नव्हते. मग तो कशासाठी होता? ते कळण्यासाठी थोडं मागे जाऊ या.

ब्रेक नसलेल्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ब्रिटनमधल्या बहुतेक वाघिणींना त्या काळी ड्रायव्हरला लावता येईल असा ब्रेकच नव्हता. वाघिणी एकमेकींना तीन कड्यांच्या साखळीनं जोडलेल्या असत. गाडी अडवायला पुढे इंजिनाचा ब्रेक आणि सगळ्यात शेवटी गार्डच्या डब्यातला हातानं फिरवायचा ब्रेक. मधल्या तीस-चाळीस वाघिणी नुसत्या गडगडत जायच्या!

वाघिणीच्या बाजूला एक लांब दांडा असे. तो दाबून अडकवला की त्या वाघिणीचा ब्रेक लागे. पण त्यासाठी खाली उतरावं लागे. म्हणून मोठ्या उताराच्या माथ्यावर गाडी थांबवायची, एकेका वाघिणीपाशी जाऊन लाकडी दांडक्यानं ते दांडे दाबायचे आणि मग हळूहळू खाली उतरायचं. पायथ्याशी पुन्हा थांबून ते सगळे सोडवायचे. पावसात, बर्फात, अंधारात हे काम किती कठीण असेल, कल्पना करा.

प्रवासी गाड्यांचं मात्र तसं नव्हतं. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माघजवळ सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडकली. तिचे मागचे डबे सोडवून ठेवले, तर ते उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटनं कायदा केला: प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला आपोआप लागणारा ब्रेक हवाच. मालगाड्या मात्र या कायद्यातून सुटल्या.

एका ड्रायव्हरची गोष्ट

याची किंमत कुणी मोजली? ९ फेब्रुवारी १९५७ चा दिवस. इंग्लंडमधल्या डोंगराळ भागात जॉन ॲक्सन हा ड्रायव्हर ३३ वाघिणींची मालगाडी घेऊन चालला होता. इंजिन वाफेचं. चढाचा माथा जवळ आला आणि ब्रेकला वाफ नेणारी नळी निखळली. कढत वाफेनं केबिन भरून गेली. ब्रेक गेलाच, पण इंजिन बंद करायचा दांडाही हाताशी येईना. ॲक्सननं फायरमनला उडी मारून वाघिणींचे दांडे दाबायला सांगितलं. फायरमननं प्रयत्न केला, पण गाडीनं वेग घेतला होता. शेवटच्या डब्यातला गार्डचा ब्रेक तरी एवढ्या वजनाला कसा पुरणार?

ॲक्सनलाही उडी मारता आली असती. पण तो इंजिनाला बाहेरून लटकून राहिला आणि वाटेतल्या सिग्नलवाल्याला हात हलवून धोक्याची सूचना देत गेला. चॅपल-एन-ले-फ्रिथ इथे त्याची गाडी पुढच्या मालगाडीवर आदळली. त्यात ॲक्सन आणि पुढच्या गाडीचा गार्ड जॉन क्रीमर, दोघंही गेले. ॲक्सनला मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' हा मोठा सन्मान मिळाला.

डिझेल आलं आणि पंचाईत झाली

१९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं आधुनिकीकरणाची योजना आखली. वाफेची इंजिनं काढून डिझेलची आणायची आणि वाघिणींनाही ब्रेक बसवायचे, असं ठरलं. पण १९४८ साली रेल्वे सरकारी झाली तेव्हा तिच्याकडे सुमारे १२ लाख वाघिणी आल्या होत्या! त्या सगळ्यांना ब्रेक बसवायचे म्हणजे केवढा खर्च आणि केवढा वेळ! डिझेल इंजिनं भराभर आली, ब्रेक मात्र मागेच राहिले.

डिझेल इंजिनात ताकद होती, पण त्यातली बरीच इंजिनं वजनाला हलकी होती. हलकं असणं चांगलंच ना? ओढताना ठीक आहे, थांबवताना नाही! ब्रेक लागतो म्हणजे चाक अडतं आणि चाक व रूळ यांच्यातल्या घर्षणामुळे गाडी मंदावते. चाकावर वजन जितकं जास्त, तितकं हे घर्षण जास्त. वजन कमी असताना ब्रेक करकचून दाबला, तर चाक फिरायचं थांबतं पण रुळावरून घसरत जातं. ओल्या रस्त्यावर सायकलचा ब्रेक जोरात दाबला की काय होतं, आठवून पाहा!

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, कोळशाच्या ४० वाघिणी आहेत. भरलेली एक वाघीण सुमारे २३ टनांची, म्हणजे झाले ९२० टन. गार्डचा डबा २० टनांचा. वाफेचं मोठं इंजिन, त्याच्यामागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरसह, सुमारे १४० टनांचं. गाडीचं एकूण वजन १०८० टन आणि त्यातलं ब्रेक असलेलं वजन १६०. म्हणजे शंभरातले जवळजवळ १५ टन.

त्याच वाघिणींना ७२ टनांचं डिझेल इंजिन लावा. एकूण १०१२ टन, ब्रेक असलेले फक्त ९२. म्हणजे शंभरातले ९ टन! आला ना तुमच्याही लक्षात धोका?

वजनदार जोडीदार

यावर रेल्वेच्या लोकांनी साधा उपाय काढला. मोडीत निघालेल्या प्रवासी डब्यांची चाकं आणि त्यांचे सांगाडे घेतले. त्यांवर पोलादाची बुटकी पेटी बसवली आणि तिच्यात भंगार लोखंड भरलं. वजन झालं सुमारे ३६ टन. सगळ्या चाकांना ब्रेक आणि ते लागायचे इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरच्या हातानं. झाला ब्रेक टेंडर तयार! वरच्या गणितात तो मिळवलात, तर ९ चे १२ होतात.

हा टेंडर कधी इंजिनाच्या मागे जोडत, तर कधी पुढे ठेवून ढकलत नेत. पुढे असला तरी ड्रायव्हरला त्याच्यावरून समोरचं दिसावं, म्हणून तो मुद्दाम बुटका केलेला. असे सुमारे १२० टेंडर बनवले गेले. पुढे ब्रेक असलेल्या वाघिणी वाढल्या, जड डिझेल इंजिनं आली आणि १९८० च्या दशकात हे टेंडर दिसेनासे झाले.

पण खरा उपाय कोणता होता? प्रत्येक वाघिणीला ब्रेक! आपल्याकडे मालगाड्यांच्या वाघिणींनाही व्हॅक्यूम ब्रेक असत. गाडीभर एक नळी जाते, तिच्यातली हवा इंजिन काढून घेतं. नळीत हवा शिरली की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागतात. समजा साखळी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर नळीही तुटते, हवा आत घुसते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात! आर्माघच्या त्या डब्यांना असा ब्रेक असता, तर ते घरंगळले नसते. आता व्हॅक्यूमऐवजी दाबाच्या हवेचे ब्रेक आले आहेत, पण नळी तुटली की ब्रेक लागतो, हे तत्त्व तेच. कर्जत-खंडाळ्याच्या बोरघाटात रूळ ३७ फुटांना १ फूट इतके चढतात. तिथून भरलेली मालगाडी खाली उतरवताना हा ब्रेक किती मोलाचा, ते सांगायला नकोच.

पुढच्या वेळी फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं, तर कंटाळू नका. दोन वाघिणींच्या मधे वाकून लोंबणारी रबरी नळी दिसते का पाहा. गाडी दूरच असू द्या, रुळांजवळ मात्र जाऊ नका. आणि बरोबर आई-बाबा असतील, तर त्यांना विचारा, "ही नळी कशासाठी, सांगा बघू?"