गाडीवरचा पट्टा: कोणता घ्यायचा, कसा जपायचा, कधी बाद करायचा



टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. रोज संध्याकाळी केंद्रावरून गाड्या भरून वाशीला निघतायत. गेल्या आठवड्यात आपल्याच एका सभासदाची पिकअप कसारा घाटात वळण घेत असताना वरच्या थराची कॅरेट बाहेर झुकली आणि एका बाजूचा पट्टा तुटला. अकरा कॅरेट रस्त्यावर. मागचा मोटारसायकलवाला अंतर राखून होता, म्हणून वाचला. मालाचं नुकसान भरून निघेल. ते दुसरं भरून निघालं नसतं.

तुटलेला पट्टा केंद्रावर आणून पाहिला. पट्टा चांगल्या जातीचा होता. पण कडेला करंगळीच्या नखाएवढा जुना काप होता, फाळक्याच्या पत्र्यावर घासून झालेला. पट्टा तिथूनच गेला. तो काप बरेच दिवस तिथे असणार. गाडीवाल्याने पाहिला नाही आणि भरताना आम्हीही पाहिला नाही. ही चूक आमचीसुद्धा आहे. म्हणून आजचा हा संदेश जरा मोठा आहे. गाडी स्वतःची असो की भाड्याची, पूर्ण वाचा.

*1) पट्ट्यावर ओढ किती येते?*

भरलेली 60 कॅरेट म्हणजे कॅरेटच्या वजनासकट साधारण 1,300 किलो. युरोपात गाडीवरचा माल बांधताना असा हिशोब धरतात: जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या 0.8 पट ढकल पुढे, आणि वळणावर वजनाच्या निम्मी ढकल बाजूला. आपल्या गाडीला लावून बघा. पुढे 1,040 किलो, बाजूला 650 किलो. पुढची ढकल बरीचशी केबिनमागची जाळी अडवते. बाजूची ढकल खालच्या थरात फाळका अडवतो, पण फाळक्याच्या वरचा थर फक्त पट्ट्यांच्या भरवशावर असतो.

*2) पट्टा कशाचा घ्यायचा?*

बाजारात तीन प्रकार मिळतात.

• *पॉलिएस्टर:* ताण आला तरी फार लांबत नाही, पाणी पीत नाही, उन्हातही बऱ्यापैकी टिकतो. गाडीसाठी हाच घ्या.
• *नायलॉन:* मजबूत असतो, पण ताणला की लांबतो आणि भिजला की आणखी सैल पडतो. नायलॉनच्या दोरीचंही तेच. निघताना टाईट, पावसात भिजली की ढिली.
• *पॉलिप्रॉपिलीन:* स्वस्त आणि हलका. उन्हाने लवकर खराब होतो. ताडपत्री बांधायला ठीक, कॅरेटला नको.

नुसतं बघून ओळखता येत नसेल तर दुकानदाराकडून पट्ट्याचा छोटा तुकडा मागा. पाण्यात बुडवून, बोटांनी दाबून आतली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात.

*3) लेबल वाचा*

युरोपच्या ईएन 12195-2 या मानकाप्रमाणे बनवलेल्या पट्ट्याला रंगीत लेबल शिवलेलं असतं. निळं म्हणजे पॉलिएस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. रंग लेबलचा बघायचा. पट्टा स्वतः केशरी आहे की पिवळा, यावरून काही कळत नाही.

लेबलवर दोन आकडे शोधा:

• *एलसी:* पट्टा सरळ ओढात किती ताण सुरक्षित घेईल तो आकडा. एकक 'डीएएन' असतं. 1 डीएएन म्हणजे साधारण एक किलो वजनाची ओढ.
• *एसटीएफ:* रॅचेटचा दांडा हाताने आवळल्यावर पट्ट्यात किती ताण बसतो तो आकडा. माल खाली दाबून धरायचं काम हा ताण करतो. दोन पट्ट्यांची एलसी सारखी असेल तर ज्याची एसटीएफ जास्त, तो घ्या.

काही पट्ट्यांवर नुसतं '5 टन' छापलेलं असतं. हा पट्टा तुटण्याचा आकडा की वापरायचा, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर तो तुटण्याचा समजा आणि त्याचा तिसरा हिस्साच वापराचा धरा. पिकअपला 35 किंवा 50 मिमी रुंदीचा पट्टा घ्या. 25 मिमीचा पट्टा फवारणी पंपासारख्या लहान वस्तूंसाठी ठीक.

*4) बांधताना*

• कॅरेट एकमेकांना खेटून लावा. मध्ये फट राहिली तर रिकामं कॅरेट घाला. फट असेल तर कितीही आवळा, माल सरकणारच.
• 60 कॅरेटला चार पट्टे तरी हवेत. वरच्या थरावर दोन्ही कडांना लांब फळ्या टाका आणि त्यावरून पट्टे घ्या. दाब सगळ्या रांगांवर वाटला जातो, कॅरेटची कड फुटत नाही, माल दबत नाही.
• जिथे पट्टा पत्र्याच्या किंवा लोखंडाच्या धारेवरून जातो तिथे मध्ये काहीतरी घाला. जुन्या पाईपलाईनचा तुकडा उभा चिरून बसवा, किंवा टायरच्या ट्यूबची दुहेरी घडी ठेवा. घाटातला तो काप एवढ्याने टळला असता.
• हुक पूर्ण बसला पाहिजे, नुसत्या टोकावर लटकू देऊ नका. तो गाडीच्या मजबूत कडीत अडकवा, फाळक्याच्या पातळ पत्र्यात नको. कडी तुटली तर पट्टा कितीही भारी असून उपयोग नाही.
• रॅचेटच्या रोळीवर पट्ट्याचे निदान दीड वेढे बसू द्या, तीनपेक्षा जास्त नको. कमी असतील तर पट्टा निसटतो, जास्त असतील तर रॅचेट अडकतं.
• पट्ट्याला गाठ मारू नका, पीळ पडू देऊ नका. गाठीपाशी पट्ट्याची ताकद निम्म्याहून खाली येऊ शकते.
• दांड्याला पाईप लावून आवळू नका. ते हाताच्या जोरासाठीच बनवलंय.
• मोटर, ब्लोअर अशी बुटकी वस्तू वरून आवळताना पट्टा जितका उभा, तितका दाब जास्त. पट्टा आणि गाडीचा तळ यांच्यात 30 अंशाचाच कोन असेल तर खाली दाबणारा जोर निम्माच उरतो.
• निघाल्यावर 8-10 किलोमीटरवर गाडी बाजूला घ्या आणि पट्टे पुन्हा आवळा. हादऱ्याने माल खाली बसतो आणि पट्टा ढिला पडतो. घाट चढण्याआधी, उतरण्याआधी आणि चहाला थांबलात की पुन्हा एकदा हात फिरवा.
• पट्टा सोडताना आधी माल कुठे झुकलाय ते बघा. त्या बाजूला उभं राहू नका.
• या पट्ट्याने माल उचलू नका. तो बांधायचा पट्टा आहे, उचलायचा नाही.

*5) जपणूक*

• चिखल लागला तर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. धुण्याचा सोडा, ब्लीच, रॉकेल, डिझेल वापरू नका. पॉलिएस्टरला चुना आणि सोड्यासारख्या खाऱ्या पदार्थांनी झीज होते. बोर्डोसाठी कालवलेला चुना सांडला असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका.
• सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर गुंडाळी करून खुंटीला टांगा. औषधं, खतं, बॅटरी यांच्यापासून लांब ठेवा, आणि उंदरापासूनही.
• रॅचेटच्या खिळीला आणि खिट्टीला महिन्यातून एकदा दोन थेंब तेल द्या. तेल पट्ट्यावर सांडू देऊ नका.
• गाडी रिकामी असताना पट्टे हौद्यात उन्हात पडू देऊ नका.

*6) बाद कधी करायचा?*

दर वेळी बांधताना पट्टा पूर्ण लांबीभर हातातून सरकवा. दोन मिनिटं लागतात. यातलं एकही दिसलं तर तो पट्टा गाडीवर नको:

• कडेला रुंदीच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा काप. म्हणजे 50 मिमीच्या पट्ट्याला 5 मिमीपेक्षा जास्त.
• शिलाई उसवलेली.
• वितळून कडक, चकचकीत झालेली जागा. सायलेन्सरला किंवा वेल्डिंगच्या ठिणगीने लागून अशी होते.
• पट्टा फिका पडून ताठ झालाय, घासला की भुगा निघतो.
• हुक उघडलेला, रॅचेटचे दात झिजलेले किंवा दांडा वाकडा.
• लेबल गेलंय आणि पट्टा किती ताकदीचा ते कुणालाच माहीत नाही.

फाटका पट्टा शिलाई मशीनवर शिवून परत वापरू नका. बाद केलेला पट्टा मधोमध कापून टाका. नाहीतर घाईच्या वेळी कुणीतरी तोच उचलतो.

*आता कंपनीकडून:*

येत्या शनिवारी सकाळी 9 ते 12 या वेळेत तुमचे सगळे पट्टे केंद्रावर घेऊन या. एकेक तपासून देऊ, पैसे लागणार नाहीत. सोमवारपासून गाडी भरण्याआधी पट्टे बघितले जातील. कापलेला पट्टा असेल तर तो बदलल्याशिवाय गाडी केंद्रावरून निघणार नाही. भाड्याच्या गाडीलाही हाच नियम. थोडा खोळंबा होईल, राग मानू नका.

गाडीवाल्याला हा संदेश आजच पाठवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी